कातड्याआडून आलेली तंबाखू

तर सार्जंट भुंकला आणि डेल्फिनच्या हातातली खरवडणी कातड्यावर जागच्या जागी थांबली, इथपर्यंत काल आलो होतो. सार्जंट म्हणजे आगाथ आजीचा कुत्रा. तुरुंगातून सुटलेल्या बायका जिच्या तळावर राहायला येतात, तिनं कुत्र्याला असं नाव का द्यावं? कुणी विचारलं की आजी म्हणायची, "पोलिसांतला एखादा आपल्या घरचा नको का?" अस्वल आलं तर हा सार्जंट शेपूट घालून तंबूत शिरायचा. भुंकायचा तो फक्त माणसावर.

म्हणून डेल्फिननं कान दिला. गाडीचा आवाज नाही. वाकड्या तळ्याकडे येणाऱ्या त्या कच्च्या रस्त्यावर गाडी लागली की चुलीवरचं पाणी उकळून होईपर्यंत ती आधी ऐकू येत राहते. आवाज नाही, याचा अर्थ कुणीतरी चालत आलंय. आणि मोठा रस्ता सोडून इतकं आत, स्प्रूस वृक्षांच्या रानातून, पायी कोण येतं? ज्याला आपण आलेलं कुणाला कळू द्यायचं नसतं, तोच.

"आजी?" तिनं हाक मारली. मग तिला आठवलं की आजी होडी घेऊन जाळी उचलायला गेलीय.

ही पोरगी एवढी का घाबरावी, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. कारण डेल्फिन मूस्टूस मुळात घाबरणाऱ्यातली नव्हे. दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या हिवाळी जत्रेत मूसची, म्हणजे आमच्याकडच्या घोड्याएवढ्या हरणाची, हाक मारायची स्पर्धा होती. मोठमोठे शिकारी भुर्जाच्या सालीचे कर्णे घेऊन आले होते. ही नुसते हात तोंडाशी धरून उभी राहिली आणि मादी मूस रडते तशी अशी काही रडली, की सभागृहामागच्या झाडीतून खरोखरचा नर बाहेर आला आणि उभ्या केलेल्या गाड्यांच्या मधे येऊन उभा राहिला! सगळं गाव आत पळालं. ही तिथंच. त्याच्याकडे बघून म्हणाली, "सॉरी हं, खोटं होतं." पुढं वर्षभर माणसं तेवढ्यावर हसत होती.

मग तिची आई गेली, बाटली आणि बर्फ या दोघांनी मिळून नेली. पोरगी शहरात गेली. तिथं एक मित्र, एक बाळंतपण, पाठीच्या दुखण्यावरच्या गोळ्या. गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा मेथ नावाच्या नशेचे खडे, ते ओढायची काचेची नळी. रोंडा नावाची मैत्रीण तिला याच वाटेवर भेटली, आणि खडे विकणारा डार्सीही. दोघींनी एका पेट्रोलपंपावरच्या दुकानात मासे कापायची सुरी दाखवली. काय चोरलं? सिगारेटी, आणि पोरीसाठी नॅपीचं एक खोकं. गल्ल्यावरचा पोरगा रडायला लागला तर डेल्फिन त्याला म्हणाली, "रडू नकोस रे, आम्ही जातोच आहोत." न्यायाधीशाला त्यातलं रडू नकोस ऐकू आलं नाही, सुरी तेवढी दिसली. आता त्याचंही काय चुकलं म्हणा.

गंमत बघा, तुरुंगात तिला भीती वाटत नव्हती. तिथं गमवायचं काही उरलंच नव्हतं. भीती सुरू झाली ती सुटल्यावर. उरलेली शिक्षा आगाथ आजीच्या तळावर काढायची, दारू नाही, नशा नाही, विचारल्याशिवाय तळ सोडायचा नाही, आणि रोंडाशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, निरोपसुद्धा धाडायचा नाही, अशा अटी. एवढं पाळलं तर बर्फ पडायच्या सुमाराला तिची मुलगी काइला, जी शहरात परक्या घरी वाढत होती, ती परत मिळायची. एक जरी अट मोडली तर उरलेला तुरुंग भोगायचा, आणि मग मुलगी कायमची त्या घरची. म्हणजे तिच्या हातात आता काहीतरी होतं, आणि ते खाली पडून फुटेल अशी धास्ती तिला चोवीस तास होती. डबे वाजले तरी दचकायची. आजीच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीकडे पाठ करून बसायची. वस्तीत टपालाला गेली तर रस्त्याच्या ज्या बाजूला ओळखीचं कुणी नसेल त्या बाजूनं चालायची.

आगाथ आजीनं तिला कधी उपदेश केला नाही. आल्या दिवशी मूसचं एक ओलं कातडं खांबांच्या चौकटीवर ताणून दिलं, हाडाची खरवडणी हातात दिली, म्हणाली, "केस काढ."

"किती?"

"सगळे, बाई! अर्धा मूस कोण पांघरतं?"

त्यानंतर मूसचा मेंदू कालवलेलं पाणी कातड्याला चोपडायचं, पिळायचं, ताणायचं, सुकवायचं, पुन्हा चोपडायचं. त्या पाण्याचा वास असा की प्रोबेशनच्या हॅल्व्हर्सनबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडीची काच खाली न करताच बोलत होत्या. आजी त्यांना म्हणाली, "मॅडम, खाली उतरा, वास आत येणारच आहे. दोघी मिळून सोसू." उतरल्या बिचाऱ्या. तव्यावरची गरम बॅनक-रोटी आणि माशाचा रस्सा खाऊन गेल्या, आणि पुढच्या वेळी येताना लोण्याचा डबा घेऊन आल्या.

दुसरं काम डेल्फिनकडे आलं ते तंबाखू घ्यायचं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांकडे काही मागायला जायचं तर आधी चिमूटभर तंबाखू, कापडात बांधून, डाव्या हातानं पुढं करायची. ती ओढायला नसते, शब्द द्यायला असते. समोरच्यानं हातात घेतली की तुमचं मागणं त्यानं घेतलं. मग नाही म्हणता येत नाही, आणि परतही देता येत नाही. आजीकडे रोज कुणी ना कुणी यायचं. कुणाला बाळाचं नाव ठेवून हवं, कुणाच्या पोराला झोप नाही. आजी कामात असली की डेल्फिननं तंबाखू घ्यायची आणि आजीपर्यंत पोचवायची. मदतनीस घेतो ती आजीच्या वतीनं; त्याच्या स्वतःच्या गळ्यात काही पडत नाही. उन्हाळाभर तिनं इतक्यांची घेतली होती की हात आपोआप पुढं व्हायचा.

तर त्या दुपारी ती ताणलेल्या कातड्याच्या मागं उभी. कातडं एवढं मोठं की पलीकडचं काही दिसेना. सार्जंट भुंकायचा थांबला. पाचोळ्यात पावलं वाजली. आणि चौकटीच्या कडेनं एक हात आत आला. डावा हात. त्यावर लाल कापडाची पुरचुंडी.

डेल्फिनला हायसं वाटलं. आजीकडेच आलंय कुणीतरी. तिनं पुरचुंडी घेतली आणि नेहमीचं वाक्य म्हणाली, "आजी तळ्यावर गेलीय, बसा."

"आजीसाठी नाही आणली," पलीकडून आवाज आला. "तुझ्यासाठी आहे, डेल."

आता तो हात तिनं नीट पाहिला. अंगठ्याचं नख नसलेला. पेट्रोलपंपाच्या दारात सापडून गेलेलं नख.

"रोंडा, जा इथनं." डेल्फिन कुजबुजली. जोरात बोललं तर कुणी ऐकेल, असं त्या निर्मनुष्य रानात तिला वाटलं. "चल, नीघ. मी तुला बघितलं नाही. कातडं आहे मधे. मी तुझं तोंड बघितलेलं नाही!"

"पण घेतलीस ना."

"चुकून घेतली! आजीची समजून!"

"मला कुठं माहीत? माझ्या हातात नाहीये आता, एवढं मला माहीत आहे."

डेल्फिननं मूठ उघडली, मिटली. परत द्यावी? तिनं जन्मात असलं काही करताना कुणाला बघितलेलं नव्हतं. जमिनीवर टाकावी? तेही तिच्याच्यानं होईना. कातड्यापलीकडे रोंडाचे दात वाजत होते, ते तिला ऐकू येत होतं.

"बोल," ती शेवटी म्हणाली. "काय मागतेस ते पटकन बोल."

"डार्सीकडून पळून आलेय. त्याला वाटतं मी पोलिसांना सांगितलं. मी नाही सांगितलं, देवाशपथ. कालपासून ओढलेलं नाही. दवाखान्यात जागा नाही म्हणतात, नाव लिहून घेतलं नुसतं. डेल, अंगातलं उतरेपर्यंत मला एकटी सोडू नकोस. मी शिव्या देईन, जाते म्हणीन, तरी जाऊ देऊ नकोस. एवढंच."

"एवढंच म्हणते! अगं भवाने, माझी पोरगी जाईल!"

"माहीत आहे," रोंडा म्हणाली, आणि रडायला लागली. "म्हणूनच तुझ्याकडे आले. बाकी कुणाला काही गमवायचं नाही, त्यांना मला बाहेर काढायचीसुद्धा भीती वाटत नाही."

हे कसलं उत्तर झालं, असं डेल्फिननं नंतर कितीदा म्हटलं. पण त्या वेळी ती कातड्याला वळसा घालून पलीकडे गेली. रोंडा एवढीशी झाली होती. एका पायात बूट, दुसऱ्यात प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली.

"आणि हे," रोंडा म्हणाली. खिशातून तिनं एक छोटी प्लॅस्टिकची पुडी काढली. "हे माझ्याच्यानं टाकवत नाही. सगळ्या रस्त्यानं प्रयत्न केला. तू टाक."

डेल्फिन एवढी मागं सरकली की चौकटीला आपटली. आता सांगतो, डार्सी आला असता, पोलीस आले असते, तरी ती इतकी घाबरली नसती. त्या पुडीत काय आहे ते तिच्या जिभेला, तिच्या दातांच्या मुळांना माहीत होतं. डोकं नाही म्हणत होतं आणि तोंडाला पाणी सुटत होतं. तुरुंगात, तळावर, सगळीकडे तिनं एकच उपाय केला होता, जवळ जायचंच नाही. आणि आता ते स्वतः चालत आलं होतं.

"तळ्यात टाक," रोंडा म्हणाली.

"तळ्यातलं पाणी आपण पितो, बाई! आजी मारील."

"मग कुठं?"

मग दोघींनी एकाच वेळी संडासाकडे पाहिलं. आजीचा संडास म्हणजे झाडीच्या कडेला फळ्यांची खोपटी, खाली खोल खड्डा. चूल आणि खोपटी यांच्यामधलं अंतर लहान पोर धावत जाईल एवढंच. डेल्फिननं पुडी दोन बोटांत धरली, पेटता कोळसा धरावा तशी, आणि चालायला लागली. उजव्या हातात पुडी, डाव्या मुठीत तंबाखू. अर्ध्या वाटेत ती थांबली. तिला आपलाच आवाज डोक्यात ऐकू यायला लागला, आणि तो आवाज वाईट नव्हता हो, फार प्रेमळ होता. 'इतके महिने सांभाळलंस, दमलीस. मुलगी तशीही जाणार. हॅल्व्हर्सनबाई येणार, रोंडाला बघणार, संपलं. मग एकदा काय आणि शंभरदा काय?'

ती खोपटीत शिरली आणि सवयीनं दाराला आतून कडी लावली. अंधार झाला. फटीतून येणारं ऊन पुडीवर पडलं आणि खडे चमकले.

बाहेर रोंडा दाराशी आली. मग म्हणाली, "डेल?"

उत्तर नाही.

"डेल, कडी का लावलीस?"

रोंडा फळ्यांवर हात आपटायला लागली. सार्जंट पुन्हा भुंकायला लागला. "डेल, बोल काहीतरी! काहीही बोल! शिवी दे!"

आत डेल्फिन भिंतीला टेकून उभी होती. तिला सगळ्यात भीती वाटली ती याची, की तिला आता भीती वाटेनाशी झाली होती. अगदी शांत वाटत होतं. हेच ते शांत वाटणं, ते तिला ओळखीचं होतं. पेट्रोलपंपाच्या दाराशीही असंच शांत वाटलं होतं. ते ओळखलं तसा तिच्या घशातून आवाज फुटला. तो रडण्याचा होता की ओरडण्याचा, कुणास ठाऊक. रोंडा सांगते की तो मूसचा आवाज होता, पण रोंडा तेव्हा झाडांशीही बोलत होती, तिचं काय ऐकायचं! डेल्फिननं पुडी खड्ड्यात टाकली, त्यावर डब्यातली राख ओतली, मग आणखी राख, मग डबासुद्धा टाकला. कडी काढली आणि बाहेर येऊन गवतात ओकली.

आणि तेवढ्यात गाडीचा आवाज.

दोघी ताठ झाल्या. "डार्सी," रोंडा म्हणाली आणि पळायला लागली, प्लॅस्टिकची पिशवी फडफडत. डेल्फिननं तिला कमरेला धरलं. रोंडानं चावा घेतला, लाथा मारल्या, आईवरनं शिव्या दिल्या. डेल्फिननं तिला ओढत धुराच्या तंबूत नेलं, जिथं कातडी धुरवतात, आणि म्हणाली, "बस इथं. हलू नकोस." मग कान देऊन ऐकलं. डार्सीच्या ट्रकचं धुराचं नळकांडं फुटलेलं असतं. हा आवाज मऊ होता. लोण्याचा डबा आणणाऱ्या बाईंची गाडी.

ट्रक असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. डार्सीनं मारलं असतं, तेवढंच.

हॅल्व्हर्सनबाई उतरल्या. "कशी आहेस डेल्फिन? पांढरी पडलीयस. एकटीच आहेस?"

धुराच्या तंबूतून आवाज नाही. एक हो म्हणायचं होतं. बाई बसल्या असत्या, रोटी खाल्ली असती, गेल्या असत्या. काइला यायला थोडेच दिवस राहिले होते. डेल्फिनच्या तोंडात तो हो तयार होता. पण बाई गेल्यावर पुढं काय, हेही तिला दिसत होतं. लपवलेली रोंडा, उद्या लपवायची, परवा लपवायची, आणि लपवत बसलं की एक दिवस लपवायला आणखी काहीतरी येतंच. हा रस्ता तिच्या पायाखालचा होता.

"एकटी नाहीये," ती म्हणाली. "रोंडा आलीय. आत आहे. आजारी आहे. आत्ताच मी तिच्या खिशातली पुडी संडासात टाकली. तिची तंबाखू मी घेतलीय, मॅडम."

"हे तू मला सांगायला नको होतंस," त्या हळूच म्हणाल्या. "आता मला कळवावं लागेल."

"कळवा," डेल्फिन म्हणाली, आणि तिथंच खाली बसली.

तेवढ्यात आजीची होडी काठाला लागली. मासळीची टोपली, गमबूट, ओले हात. सगळं ऐकून घेतल्यावर आजीनं रोंडाला बाहेर बोलावलं, तिचा पाय बघितला, जीभ बघितली. बाई म्हणाल्या, "आगाथ, या दोघींनी एकत्र राहायचं नाही, कोर्टाचं म्हणणं आहे."

"एकत्र कुठं? मी मधे झोपते की! माझ्या अंगावरनं कसला संपर्क होतोय?"

"आगाथ..."

"दवाखान्यात जागा आहे का तिला? फोन करून विचारा."

बाईंनी विचारलं. जागा नव्हती. बाईंनी तळ्याकडे बघितलं, मग गाडीत बसल्या. त्या दिवशी रोटी तशीच राहिली.

आमच्याकडे कोर्ट विमानानं येतं; न्यायाधीशाचं ते विमान येईपर्यंतचे दिवस डेल्फिननं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. रोंडा झोपायची, उठून किंचाळायची, झाडांत माणसं आहेत म्हणायची, पळत सुटायची. डेल्फिन मागं धावायची, मिठी मारून बसायची, दलदलीतल्या पानांचा चहा चमच्यानं पाजायची. एका सकाळी फुटक्या नळकांड्याचा ट्रक खरंच आला. वळणावर थांबला, इंजिन चालूच. डेल्फिन रोंडाच्या अंगावर आडवी झाली. आजी मात्र खरवडणी हातात घेऊन, तोंडानं काहीतरी गुणगुणत, सरळ ट्रकपाशी गेली आणि काचेवर टकटक करून म्हणाली, "डार्सी ना तू? तुझ्या आज्याच्या पहिल्या शिकारीचं कातडं मी खरवडलंय. ये, मेंदूच्या पाण्यात हात घाल, माणूस कमी पडतंय." ट्रक उलटा वळेपर्यंत ती तिथंच उभी होती. परत आली तेव्हा खरवडणी तिच्या हातात थडथडत होती. "कुणी बघितलं नाही ना?" तिनं विचारलं. डेल्फिन नाही म्हणाली.

न्यायाधीश आले ते आमच्या बिंगोच्या सभागृहात बसले. वस्तीतली माणसं गोल करून बसली, गरुडाचं पीस हातोहात फिरलं. ज्याच्या हातात पीस तो बोलणार, बाकीचे ऐकणार. कुणी डेल्फिनच्या बाजूनं बोललं. एखादा म्हणाला की ही आमचीच पोर, पण सुरी दाखवली ती काही खोटी नव्हती. हॅल्व्हर्सनबाईंनी झालं ते झालं तसं सांगितलं, वर एक शब्द नाही, खाली नाही. आजी आलीच नाही. रोंडापाशी कुणीतरी हवं होतं. त्यामुळं डेल्फिनच्या शेजारची खुर्ची रिकामी. ती पुनःपुन्हा त्या खुर्चीकडे बघायची. दाराशी दोन पोलीस. बाहेर त्यांची गाडी, मागचं दार उघडं ठेवलेलं, ते खिडकीतून दिसत होतं.

निकाल काय लागला ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. डेल्फिन तळावरच राहिली. मुलगी त्या हिवाळ्यात नाही आली, एक अख्खा हिवाळा उशिरा आली, आणि तो हिवाळा डेल्फिननं कसा काढला याची गोष्ट वेगळीच. आता काइला इथल्या शाळेत जाते आणि आईपेक्षा मोठ्यानं हसते. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी, त्या खुर्चीत, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि डेल्फिनला तर पक्कं वाटत होतं की गाडीचं ते दार तिच्यासाठीच उघडं आहे.

न्यायाधीशांनी कागद चाळले. मग म्हणाले, "मूस्टूसबाई, अट तुम्हाला माहीत होती. मोडली तर काय होणार, मुलीचं काय होणार, तेही माहीत होतं. मी निर्णय द्यायच्या आधी तुम्हाला काही सांगायचं आहे?"

पीस तिच्या हातात आलं. ती उभी राहिली, एकदा खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाली:

"आहे, साहेब. मला आत पाठवायचं असेल तर पाठवा, मी नाही म्हणत नाही. भीती वाटतेय मला, पाय कापतायत, ते तुम्हाला दिसतंच आहे. पण आज नका नेऊ. रोंडा तिकडं तळावर आहे, आणि ती पळायला लागली की तिला धरून ठेवायची ताकद आजीच्या हातात नाही. तिचं अंग शांत झालं की मी आपण होऊन येईन. हॅल्व्हर्सनबाईंना फक्त गाडी पाठवायला सांगा, तेवढं लांब मला चालत यायला वेळ लागेल."